वेग कमी केला की गाडी बंद!

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

सकाळी आईला डोळे तपासायला दौंडला नेत होतो. पाटसजवळ गतिरोधकाला वेग कमी केला आन् कार बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरलेल्या. हातभर अंतरावर थांबला.

परवाच सर्व्हिसिंग केलेल्या फिटरमामांना मी फोनवर वाट्टेल ते बोललो. तरी ते मोटरसायकलवर लगेच आले. बॉनेट उघडून सेन्सरच्या वायरची पिन काढली, तर आतून पाणी ठिबकलं.

"इंजिन कशानं धुतलं?"

"फवारणीच्या पंपानं. काल. मीच."

"ते काय डाळिंबाचं झाड हाय व्हय?"

पिन पुसली, गाडी सुरू झाली. मामा आईला पाणी देऊन निघून गेले.

शिव्या फोनवर दिल्या. माफी फोनवर चालंल का?