एकेचाळीस माणसं ट्रेमध्येच राहिली

आमची धाकटी लहानपणी झुरळ दिसलं की खाटेवर चढायची. पण त्या दिवशी जी घाबरली ना, तशी जन्मात घाबरली नव्हती.

धाकटी दवाखान्यात कॉम्प्युटरवर. रोग्यांच्या सगळ्या नोंदी एका मोठ्या कोठारात असतात म्हणे, अन् हवी ती नावं तिथून काढून आणणारा प्रोग्रॅम हिनंच लिहिलेला. प्रोग्रॅमची भाषा एक, कोठाराशी बोलायची भाषा दुसरी. त्या दुसरीला एसक्यूएल म्हणतात, अन् ती पहिलीच्या पोटात बसवायची. आधी तो प्रोग्रॅम एकेक नाव आणायचा, अगदी गोगलगाय. म्हणून आठ दिवसांपूर्वी हिनं त्याला शंभर खणांचा ॲरे दिला. ॲरे म्हणजे आपला अंड्यांचा ट्रे समज. एका खेपेला शंभर नावं ट्रेमध्ये घ्यायची, ती उतरवायची, परत जायचं. कोठार म्हणालं "संपलं", की थांबायचं. काम झरझर व्हायला लागलं, साहेबांनी शाबासकी दिली, आमच्या बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

अन् त्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर धापा टाकत आले. रक्तदाबाच्या गोळ्यांची महिन्याची पाकिटं कालच घरोघर गेली होती, अन् त्या गोळ्याच खराब निघाल्या.

"एक गोळीसुद्धा जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. "आज एक तारीख, आजपासून सुरू करायच्या आहेत, दुपारच्या जेवणानंतर. यादी दे, आत्ता दे."

धाकटीनं यादी काढून दिली. दहाजणी फोनवर बसल्या. साडेअकरापर्यंत निम्म्याच्या वर माणसांना निरोप गेला. फोनवाल्या मावशी मोठ्या तोंडाळ. पाणी प्यायला उठल्या, अन् म्हणाल्या, "काय गं पोरी, सातशे म्हणजे बरोब्बर सातशे! माणसं काय पेट्यांत भरून आजारी पडतात होय?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, अन् मधेच थांबली.

सात ट्रे. शंभराचे सात ट्रे, वर एक दाणा नाही. असं कधी असतं का?

आठव्या खेपेला काय झालं असेल ते तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. कोठारात शंभर नावं उरलीच नसणार. जी उरली ती त्यानं ट्रेमध्ये टाकली, अन् त्याच दमात म्हणालं, "संपलं." एकेक नाव आणायचं तेव्हा "संपलं" म्हणजे हात रिकामा. ट्रेचं तसं नाही गं! पण प्रोग्रॅमनं शब्द ऐकला अन् ट्रेमध्ये न बघताच पळाला. हिनंच त्याला तसं शिकवलं होतं.

ती साहेबांच्या दाराशी गेली. नोकरी अजून कच्ची. पण घड्याळ काही थांबत नव्हतं.

"साहेब, माझी चूक झालीय. काही माणसं यादीत आलीच नाहीत."

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अन् मिटलं. "किती?"

"माहीत नाही अजून."

"मग इथं कशाला उभी आहेस?"

"संपलं" ऐकलं तरी आधी ट्रेमध्ये किती खण भरलेत ते बघ, एवढंच प्रोग्रॅमला सांगायचं होतं. पण घाईत तीनदा चुकीचं लिहिलं गेलं. शेवटी उरलेली नावं आली. एकेचाळीस.

मावशी आता हसत नव्हत्या. सातशेजणांना निरोप पोचला होता, आता या एकेचाळीसांना फोन लावले. चाळीसजणांनी फोन उचलला. यादीतली शेवटची, एकटी राहणारी म्हातारी, ती काही उचलेना. घंटा वाजतेय, वाजतेय.

एक वाजायला दहा मिनिटं होती. घर तीन गल्ल्या पलीकडे. धाकटी जी पळत सुटली, कोपऱ्यावर एक चप्पल गेली ती गेलीच. तिसरा मजला. जिन्यात गरम जेवणाचा वास. जेवण झालं असेल. गोळी गेली असेल. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. आत काही हालचाल नाही. पुन्हा बडवलं. मनात नको नको ते दिसायला लागलं.

मग कडी निघाली. दारात म्हातारी उभी, तळहातावर गोळी.

"अगं हो हो, दार मोडशील! चष्मा सापडेना म्हणून खोळंबले. पाकिटावर एक लिहिलंय की दोन, तेवढं वाच बघू."

धाकटीनं आधी गोळी उचलली, मग पाकीट. एका मुठीत गोळी, दुसरीत पाकीट, दोन्ही आवळून धरलं. खराब गोळ्या, यादीतली चूक, सगळं तुटक तुटक सांगितलं.

"अन् फोन का नाही उचललात आजी?"

"त्याची घंटा मला ऐकू येते कुठे? जवळून बोललं तरच कळतं. दार हललं म्हणून कळलं." म्हातारीनं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "यादीत कितवी होते मी?"

"शेवटची."

"वाटलंच. रांगेत मी नेहमी मागेच." म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "पण तूच पांढरी पडलीस की गं. पी पाणी."

धाकटीला पेला धरवेना. मुठी उघडतच नव्हत्या.