पाचव्या माळेचा नमुना

लग्न ठरतानाच सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, सांगितलं होतं की पोरगी शिको, आमची ना नाही, फक्त घरचा नेम मोडायचा नाही. माझे वडील इतके खूश झाले की नेम कोणता, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. तो मला सासरी, प्रताप नगरात आल्यावर पहिल्या नवरात्रात कळला. घट बसले की घरातल्या बायकांचा उपास कडक. नऊ दिवस बिनसाखरेचा काळा चहा, पाणी, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर एक केळं. पुरुषांचा उपास मात्र उठता-बसता, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. मधल्या दिवसांत त्यांना वरण-भात-भाजी-पोळी सगळं साग्रसंगीत लागायचं, आणि ते कोण करणार? आम्हीच! फोडणीचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. लाळेतलं पिष्ट पचवणारं अमायलेज बिचारं दुकान उघडून बसलेलं, आणि गिऱ्हाईकाचा पत्ता नाही.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, बायोकेमिस्ट्री घेऊन. नवऱ्याला म्हटलं, मला चक्कर येते. तो म्हणाला, "आई इतकी वर्षं करून राहिली, तिले नाही येत." मग आवाज खाली आणून, "पहिलंच वर्ष आहे. बाबाचं डोकं फिरलं तं कॉलेज बंद होईन तुझं." झालं. इकडे आड, तिकडे विहीर. खाल्लं तर कॉलेज जाणार, आणि नाही खाल्लं तर कॉलेजच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणार.

पाचव्या माळेला प्रॅक्टिकल होतं, लघवीतले कीटोन, मधुमेह बळावला की सापडतात ते, ओळखायचं. दोष असलेला नमुना मॅडमनी तयार करून ठेवला होता. तुलनेसाठी एक निरोगी माणसाचा हवा होता. पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत खिदळत बसल्या. मी म्हटलं, द्या इकडे ती बाटली, लग्न झालेलीला कसली आली लाज! आपण उपाशी आहोत हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. उपासाला आमच्यात उपासमार कोण म्हणतं? उपास म्हणजे उपास.

नमुन्यात अमोनियम सल्फेट विरघळेनासं होईपर्यंत घातलं, नायट्रोप्रसाइडची चिमूट टाकली आणि नळीच्या कडेनं अमोनिया सोडला. दोन थर जिथे भेटले तिथे जांभळं कडं उमटलं, मॅडमच्या नमुन्यापेक्षाही गडद. मॅडमनी नळी उजेडाला धरली. लगेच दुसऱ्या नळीत बेनेडिक्टचं द्रावण घालून, उकळून साखर तपासायला लावली. ते निळं होतं ते निळंच राहिलं.

"मधुमेह नाही. जेवलीस कधी शेवटची?"

मी सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे न बघता फळ्यावर लिहायला घेतलं. यकृतातला साखरेचा साठा दिवसभरात संपतो. मग चरबी फुटते, तिचे कीटोन होतात. पण मेंदूला थोडी तरी साखर लागतेच, म्हणून शरीर स्वतःच्याच स्नायूंतली प्रथिनं एन्झाइमांकरवी तोडून त्यांची अमिनो आम्लं करतं, आणि यकृत त्यातून साखर बनवतं. सगळ्या उतरवून घेत होत्या. मी बाकाखाली माझा दंड चाचपून बघत होते. मला खरंच भीती वाटली. आणि खरं सांगू, आनंदही झाला. आता माझ्याकडे पुरावा होता. चक्कर येते म्हटलं की नखरे, पण रसायनाला कोण नखरे म्हणणार?

बसमध्ये बसून सगळं पाठ केलं. मामाजींना काय सांगायचं, कसं सांगायचं, "मॅडमनीच सांगितलंय" कुठे घालायचं. घरी पोचले तर ते समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. म्हटलं, आधी सासूबाईंना आपल्या बाजूला घेऊ. स्वयंपाकघरात जाऊन त्यांना सगळं सांगितलं, जांभळ्या कड्यापासून दंडापर्यंत. वाटलं, ओरडतील. त्या भांडी घासता घासता थांबल्या.

"म्हणजे उपास केला तं जांभळं होते?"

"हो, आई."

"अन् कोणी खाल्लं असन, तं?"

"मग नाही होत."

त्यांचा चेहरा उतरला. "काहून वं, घरी आणून करता येते काय हे? त्यायले नको सांगू हो असं काही असते म्हणून."

मला कळायला जरा वेळच लागला. तेवढ्यात त्यांनी नळ मोठा सोडला, ओट्याखालचा छोटा कुकर ओढला आणि झाकण काढलं. आत फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या आणि गूळ. "बाप्यांच्या जातीनं कधी कुकर उघडला काय? खा. नळ चालू राहू दे, चावाचा आवाज येते."

मी म्हटलं, "आई, आपण दोघी मिळून सांगू ना मामाजींना."

"काय सांगू? लग्न झाल्यापासून देवीले फसवून राहिली म्हणून? जगू देतीन का मले? तू खा बापा गुपचूप. रोज दुपारी अशीच येत जा."

माझा संताप संताप झाला. त्यांच्यावर, मामाजींवर, नवऱ्यावर, त्या गुळावर. पण हात थांबला नाही. नळाच्या आवाजात आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून पोळ्या खाल्ल्या, आणि इतकं गोड मी जन्मात काही खाल्लं नव्हतं. मामाजींना सांगायचं पाठ केलेलं सगळं तिथेच गिळलं. आता बोलले असते तर आधी सासूबाई उघड्या पडल्या असत्या.

घट उठायच्या आदल्या संध्याकाळी आरतीला शेजारपाजारचे जमले होते. मामाजींनी मला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं.

"पाहा आमची सून! पहिल्याच वर्षी कडक नवरात्र केलं, कॉलेज सांभाळून. चक्कर नाही का कुरकुर नाही. आहे का कोणाच्या घरी?" आणि माझ्या हातात केळं ठेवून म्हणाले, "आता दरवर्षी असंच, बरं का बेटा."

सासूबाई समईची वात सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी मामाजींच्या पाया पडले आणि म्हणाले, "हो, मामाजी."