म्हात्रेने मोजलं होतं

मीटर २०.९ दाखवत होता आणि मोरे टाकीच्या तळाशी आडवा पडला होता.

मी पोचलो तोवर वरच्या माणसांनी त्याला दोराने ओढून बाहेर काढलं होतं. ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन लावल्यावर थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "माझा चष्मा कुठंय?" मोरे आमचा कॉन्ट्रॅक्टवरचा वेल्डर. आठ दिवस अलिबागला हॉस्पिटलमध्ये काढून तो तळा गावी आपल्या घरी गेला. आज ठणठणीत आहे.

मला लिहायचं आहे ते हरेश म्हात्रेबद्दल. म्हात्रे रेवदंड्याचा. आमच्या केमिकल कंपनीत गॅस टेस्टर होता. टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा मोजायची आणि परमिटवर आकडा लिहून सही करायची, हे त्याचं काम. ज्या मीटरने तो मोजायचा, तो मीटर नीट ठेवणं हे माझं. मी इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटचा सुपरवायझर. रिटायर झाल्यावरही कंपनीने मला कॉन्ट्रॅक्टवर ठेवलं होतं.

बाहेरच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ च्या खाली गेला की मीटर बोंबलतो. दहा-अकराला माणूस कोसळतो, आणि त्याला आधी काही कळत नाही. केमिकल पेटू नये म्हणून टाकीत नायट्रोजन भरतात. अशा टाकीत जीव घुसमटत नाही. श्वास चालू असतो, फक्त त्यात कामाचं काही नसतं.

मीटरच्या आत एक सेल असतो, घड्याळातल्या बॅटरीचा थोरला भाऊ म्हणा. त्याच्या तोंडावर बारीक पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत शिरतो, आतल्या शिशाशी त्याची क्रिया होते आणि थोडा करंट निघतो. ऑक्सिजन जास्त तर करंट जास्त. शिसं संपत आलं की करंट कमी होतो, म्हणून रोज सकाळी मोकळ्या हवेत मीटरचं एक बटण दाबायचं. बटण दाबलं की मीटर समजतो, आत्ता जेवढा करंट येतोय तो म्हणजे २०.९.

यात एक मेख आहे. सेल कसाही असो, बटण दाबल्यावर आकडा २०.९ च दिसतो. म्हणून पूर्वी आम्ही मीटरवर फुंकर मारायचो. उच्छ्वासात ऑक्सिजन कमी असतो, सोळा-सतरा. आकडा झटकन खाली आला आणि मीटर ओरडला, तर सेल जिवंत. कोरोनात तोंडाने फुंकायला बंदी आली. त्याऐवजी नायट्रोजनची छोटी बाटली लावून तपासायचं ठरलं. ती बाटली स्टोअरमधून आणायची, रेग्युलेटर लावायचा, चिठ्ठीवर सही घ्यायची. मी रजिस्टरमध्ये रोज "नायट्रोजन टेस्ट ओके" लिहायचो. बाटली आणायचो आठवड्यातून एकदा. पुढे पुढे तेही नाही.

त्या सकाळी बटण दाबण्याआधी मीटर मोकळ्या हवेत १७.८ दाखवत होता. तिथेच माझ्या डोक्यात काही पेटायला हवं होतं. मी बटण दाबलं. २०.९. रजिस्टरमध्ये ओके लिहिलं आणि मीटर म्हात्रेच्या हातात दिला.

अपघातानंतर सेफ्टीवाल्यांनी दुसऱ्या मीटरने टाकी मोजली. तळाशी ११. मोरे उतरण्याच्या दहा मिनिटं आधी भरलेल्या म्हात्रेच्या परमिटवर २०.९.

चौकशीत फॅक्टरी मॅनेजरनी विचारलं, "म्हात्रे, दहा मिनिटांत वीसचे अकरा झाले?"

"मी मोजलं व्हतं, साहेब. नळी तळापर्यंत सोडली, मिनिटभर थांबलो."

"की बाहेर बसूनच वीस-नऊ लिहिलंस?"

हे विचारण्याला कारण होतं. आमच्याकडे वीस-नऊ हा आकडा राहिलेलाच नव्हता. कॅन्टीनमध्ये कुणी "काय म्हात्रे, कसं काय?" विचारलं की तो म्हणायचा, "वीस-नऊ." म्हणजे मजेत. सगळेच म्हणायचे, मीसुद्धा. आणि काही टेस्टर खरंच न मोजता तोच आकडा लिहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे म्हात्रेनेही तसंच केलं असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तो मीटर टेबलावर घेतला आणि नायट्रोजन लावला. आकडा हललाच नाही. मिनिट गेलं, २०.८. दुसरं मिनिट, २०.१. सेलच्या पडद्यावर खाऱ्या दमट हवेचा चिकट थर बसला होता. ऑक्सिजन आतबाहेर व्हायला वाटच नव्हती. म्हात्रे मिनिटभर थांबला होता, कारण मिनिटभर थांबा असं मीच लिहून दिलं होतं.

मी सेल बदलला. जुना कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी चौकशीत तोच मीटर सगळ्यांसमोर पंधरा सेकंदांत खाली आला.

"मीटर ओके?" मॅनेजरनी विचारलं.

"ओके," मी म्हणालो.

म्हात्रे माझ्याकडे बघत होता. त्याला सेलचं काही माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलेन एवढंच त्याला वाटत असावं. त्याला काढून टाकलं. "न मोजता नोंद केली" असा शेरा मिळाल्यावर जवळपासच्या कुठल्याच कंपनीने त्याला घेतलं नाही. तो रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवू लागला. स्टँडवर त्याला "वीस-नऊ" म्हणायला लागले. मोरेची आई एकदा तळ्याहून येऊन त्याच्या दारात उभी राहून वाटेल ते बोलून गेली, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी मी काम कायमचं सोडलं. मग मॅनेजरना भेटलो आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "नाईक, आता हे उकरून काय करणार? तुमचं वय किती?"

"अडुसष्ट."

"मग?"

"म्हणूनच, साहेब."

"लेखी द्या. मी पुढे पाठवतो. पण तुमच्यावर येईल."

लेखी तयार करून आधी म्हात्रेच्या घरी गेलो. त्याची बायको ओटीवर सुकट निवडत होती. तिने मला ओळखलं.

"आता आठवलं व्हय तुमाला?" ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

म्हात्रे बाहेर आला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सेल बदलल्याचंसुद्धा. त्याने कागद घेतला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. एका जागी बोट थांबलं.

"'मीटर सदोष असावा' लिवलंय. असावा?"

"ऑफिसात तसं लिहायची पद्धत..."

"तुमी सोता बघितला ना?"

"हो."

"मग 'होता' लिवा. आनि सेल कोनी बदलला त्ये न्हाय ह्यात. त्ये पन लिवा."

मी त्याच्याच ओटीवर बसून कागद पुन्हा लिहिला. लिहिताना त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी ठेवला. म्हात्रेने कागद दोनदा वाचला.

"मोरेच्या आईला कोन सांगनार?" त्याने विचारलं.

"मी जातो."

"मी पन येतो. माझ्यासमोर सांगा."

पुढच्या रविवारी त्याच्याच रिक्षाने आम्ही तळ्याला गेलो. मोरेच्या आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हात्रेला म्हणाली, "जेवून जा, बाबा."

कंपनीने त्याच्या नावावरचा शेरा काढला, तसं पत्र दिलं. माझ्यावर खटला भरायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही. म्हात्रेला एका कंपनीने बोलावलं होतं, तो गेला नाही. आता कुणाच्या मीटरवर सही करणार नाही म्हणतो. त्याने मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही.

या धंद्यात नवीन आलेल्यांना एवढंच सांगेन. बटण दाबलं की मोकळ्या हवेत प्रत्येक मीटर बरोबर असतो. तो बरोबर आहे का हे बघायचं असेल, तर स्टोअरमध्ये जा, चिठ्ठीवर सही घ्या आणि बाटली आणा.