चार गाठोड्यांचा क्रम

कळंबच्या वाचनालयात धर्माच्या पुस्तकांचं एकच कपाट आहे, आणि ते कसं लावायचं यावरून आम्ही तिघं म्हातारे वर्षानुवर्षं भांडलो. मी निवृत्त शिक्षक, म्हणून सगळ्यांचा गुरुजी. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. तिसरे धान्याचे आडते, आमचे शेटजी. घरी माझं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं ही भांडणं हाच माझा संसार होता.

माझा हिशेब सरळ होता. श्रुती वरच्या फळीवर, स्मृती खाली. ऋषींनी ऐकलं ते वर, माणसांनी आठवून सांगितलं ते खाली. वरचे जाडजूड ग्रंथ कुणी उघडतच नसे. खाली मात्र पुराणं, व्रतं, कथा यांची अशी दाटी, की कपाटाचं दार लागायचं नाही. मास्तर म्हणायचे, "गुरुजी, तुमच्या गाडीत म्होरच्या सीटा रिकाम्या, आन् मागं उभं ऱ्हायला जागा न्हाय."

मास्तर बौद्ध. पिटक म्हणजे टोपली, मग फळी कशाला, असं म्हणून त्यांनी बाजारातून बुरडाच्या तीन टोपल्या आणल्या आणि कपाटाच्या तळाशी मांडल्या. एकीत भिक्खूंचे नियम, दुसरीत बुद्धाची प्रवचनं, तिसरीत त्यावरचा बारीक विचार. नियमांच्या टोपलीत एकच पातळ पुस्तक होतं. "आपल्यात भिक्खू कोण हाय?" असं म्हणत ते बसल्या बसल्या आपला चष्मा तीत ठेवायचे.

शेटजी जैन. त्यांची शास्त्रं कापडी वेष्टनात बांधलेली, चार गाठोडी, आणि तीही आडवीच ठेवायची. पहिल्यात थोर पुरुषांच्या कथा, दुसऱ्यात विश्वाची रचना आणि गणित, तिसऱ्यात आचार, चौथ्यात जीव-अजीवाचं तत्त्वज्ञान. ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला, म्हणजे जैनांच्या शास्त्रपूजेच्या दिवशी, ते शुद्ध धोतर नेसून यायचे, पोथ्यांना वारा द्यायचे आणि जुनी वेष्टनं काढून नवी बांधायचे. एकदा धूळ पुसताना माझ्या हातून चौथं गाठोडं पहिल्या जागी गेलं, तर केवढे भडकले. "गुरुजी, पोराला पहिलीत घालायच्या आधी मॅट्रिकला बसवता का? आधी गोष्ट, मग तत्त्व! पुन्यांदा असं केलं तर असंन तिथनं भांडायला येईन."

गेल्या हिवाळ्यात मास्तर वारले. चष्मा टोपलीतच राहिला. घरचे न्यायला येणार होते, आले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही तो द्यायचा नव्हता. महिन्याभरात छातीच्या दुखण्यापायी शेटजींना मुलानं पुण्याला नेलं. एसटी स्टँडसमोर गाडीत बसताना म्हणाले, "गाठोडी हितंच ऱ्हाऊ द्या. पंचमीला मी येतो."

त्या एका शब्दावर मी सबंध उन्हाळा काढला. रोज संध्याकाळी कपाटासमोर बसायचो, पंख्याचा आवाज ऐकायचो आणि घरी जायचो. शिंप्याकडून चार नवी वेष्टनंही शिवून आणली. पंचमीच्या आदल्या दिवशी शेटजींच्या सुनेचा फोन आला. छातीचं दुखणं वाढलंय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात, बाबांनी निरोप दिलाय की गुरुजींनीच बांधावं.

पंचमीला आंघोळ करून गेलो. जमेल तशा गाठी मारल्या, चारही गाठोडी ओळीनं ठेवली. आणि मग मला लबाडी सुचली. चौथं, सगळ्यांत जाड, लांबूनही ओळखू येणारं गाठोडं उचलून पहिल्या जागी ठेवलं, मोबाइलवर फोटो काढला आणि शेटजींना पाठवून दिला. वाटलं, चिडतील, हट्टाला पेटतील, आणि मुलगा वैतागून गाडीत घालून आणेल. माणूस एकटा पडला की असलं पोरकट डोकं चालतं. मला ते भेटायला हवे होते, बस्स.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"गुरुजी, पहिलं कुठलं ठिवलंय?"

"चौथं."

पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती.

"मुद्दाम केलंत, व्हय ना?"

"व्हय."

"मला कळलं," ते म्हणाले. आवाजात राग औषधालाही नव्हता. "पर आता येणं व्हायचं न्हाय, गुरुजी. भांडायलाबी न्हाय. क्रम लावून घ्या. तुमच्या मागं कोण लावणार हाय?"

फोन बंद झाला. मी गाठोडी पुन्हा ओळीनं लावली, कथा पहिली, तत्त्वज्ञान शेवटी. टोपलीतला चष्मा काढून पुसला आणि परत ठेवला. सगळं बरोबर लागलं होतं. तरी कपाट बंद करवेना. चूक काढायला कुणीतरी येईल, म्हणून मी दाराकडं बघत बसलो.