सरांचा सुकूक

सोलापुरात राहून क्वालालंपूरच्या शेअर बाजाराची काळजी वाहणारा माणूस जगात एकच, आणि तो निवृत्त होईपर्यंत आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. मी मराठी शिकवायचो, सर वाणिज्य. त्यांनी स्वतः जन्मात एक शेअर घेतला नव्हता. पण मलेशियातल्या एखाद्या सिमेंट कंपनीचा भाव घसरला की त्यांना जेवण जात नसे आणि त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी आमच्या वाट्याला येई. तिथं मंदी जरा टिकावी, असं आम्हाला मनातून वाटे.

सरांना सुकूकनं झपाटलं होतं. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून कंपनी कर्ज काढत नाही. आपली इमारत किंवा यंत्रं लोकांना वाट्यानं विकते, तीच भाड्यानं वापरते आणि मुदत संपली की परत घेते. त्या वाट्याच्या कागदाला सुकूक म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. असे कागद काढल्यावर बाजार काय करतो, त्यातही दिवस वाईट असताना काय करतो, हा त्यांचा प्रश्न. तो ते लग्नात वाढप्यालासुद्धा विचारत. एकदा न्हाव्याला समजावताना त्यांनी मान इतकी हलवली की एक मिशी आखूड झाली. तशीच घेऊन ते वर्गावर गेले. त्यांचं म्हणणं असं, की भरभराटीत सुकूक काढले तर लोक म्हणतात कंपनी वाढतेय; अडचणीत काढले तर म्हणतात बुडतेय. "कागद तोच की हो," असं म्हणून ते हताशपणे हात पसरत.

मग टाळेबंदी आली. सरांच्या धाकट्या भावाचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, तो थंड पडला. दारं उघडली तेव्हा सूत घ्यायला भांडवल नव्हतं आणि व्याज नको म्हणून बँकेकडे जायची भावाची तयारी नव्हती. सरांनी सगळे नातेवाईक जमवले आणि फळ्याशी उभे असल्यासारखी योजना मांडली: प्रत्येकानं मागांत वाटा घ्यायचा, भावानं भाडं द्यायचं, पुढं माग सोडवून घ्यायचे. सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली आणि माना डोलावल्या.

आठवडा उलटायच्या आत बातमी बाजारात फिरली. मालक माग विकतोय, असाच तिचा अर्थ लागला. सुताचा व्यापारी उधारी बंद म्हणाला. कबूल झालेले नातेवाईक फोन उचलेनात. सर मात्र ताठ झाले. जे आजवर संगणकाच्या पडद्यावर पाहिलं, ते डोळ्यांसमोर घडत होतं. एका दुपारी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो होतो, तेव्हा ते भावाला उत्साहानं सांगू लागले, की पाहा, वाईट काळात बाजार अगदी असाच वागतो.

भाऊ शांतपणे म्हणाला, "भाईजान, तुमच्यासाठी तो बाजार हाय. माझं घर हाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी निवृत्तीची पुंजी काढली आणि मागांतला सगळ्यात मोठा वाटा स्वतः घेतला. घरी वहिनी चार दिवस सरांशी अबोला धरून होत्या. सर रोज सकाळी कारखान्यात जाऊन दाराशीच खुर्ची टाकून बसू लागले. प्राध्यापकानं आपली पुंजी घातली आणि वर राखणही करतोय म्हटल्यावर आधी एक मेहुणा आला, मग एक चुलता. सूत पुन्हा उधारीवर मिळू लागलं. भाडं कधी वेळेवर आलं, कधी रखडलं, पण माग चालले.

गेल्या महिन्यात भावानं सगळ्यांचे वाटे सोडवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्याकडे आले. योजना तडीस गेली म्हणून मी अभिनंदन केलं. त्यांनी चहाचा कप पुढं ओढला. मलेशियाचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, बरेच दिवस बघितलं नाही.

"मुदत संपली," ते म्हणाले. "नियमानं आता कारखान्यात माझं काही नाही."

तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला आणि भावानं हाक दिली, "भाईजान, चला की. कारखान्याला उशीर होतोय."

सर चहा अर्धा टाकून उठले. जिना उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. ते म्हातारे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.