दाराबाहेर काढलेल्या चपला

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, पालकसभेत, दुसरीतल्या मनूच्या आईचा अपमान झाला. मनूच्याच वर्गातल्या भाचीचा पालक म्हणून मी तिथेच होतो आणि गप्प बसलो, हेही लिहून ठेवतो.

मनूला फळ्यावरचं दिसत नाही. तिला पुढच्या बाकावर बसवा, एवढंच आईला सांगायचं होतं. तिनं चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या, पदर खांद्यावर घेतला आणि मनूचा हात धरून दारातूनच विचारलं, "बाई, येऊ का आत?"

"आपल्या शाळेत परवानगी इंग्लिशमध्ये मागतात," बाई मराठीतच म्हणाल्या. "मनू, शिकव गं आईला."

मनूनं कानात सांगितलं. "मे आय..." म्हणताना आई लाजून हसली. वर्गात मागच्या बाकावरून दुसरंच कुणी खुदकन हसलं, तशी ती थांबली. "राहू द्या बाई, तुमचं चालू द्या," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

त्या चपला माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. आपल्याकडे माणूस तोंड उघडण्याआधीच परवानगी मागतो. पायांनी मागतो, खांद्यांनी मागतो. इंग्रजी शिकावंच, मीही शिकलो. पण एवढं अदबीनं मागितलेलं ज्यांना ऐकूच येत नाही, ते मुलांना कुठली अदब शिकवणार?

मनू अजून शेवटच्याच बाकावर आहे. तुम्ही शिकवत असाल, तर उद्या खडू उचलण्याआधी मागे जा, तुमच्या वर्गातल्या मनूशेजारी टेका आणि विचारा, "इथून दिसतं का गं तुला?"