वाशीत कळलेला 'घेरी'चा अर्थ

सकाळी येडशी स्टेशनवर उतरले, तेव्हा फलाटावर माझ्याखेरीज चार माणसं आणि बरीचशी माकडं होती. रामलिंगच्या जंगलातून ती इथवर येतात. एका माकडानं माझ्या पिशवीकडे रोखून पाहिलं आणि मी ती छातीशी धरली. आत खाण्याचं काही नव्हतं. चार पानी पत्रक होतं, आणि त्याचीच मला पुण्यापासून धास्ती होती.

रक्तदाबावरच्या एका नव्या गोळीची चाचणी या भागात झाली होती. पूर्वी असे निकाल फायलीतच पडून राहायचे. आता काही औषध कंपन्यांनी मिळून ठरवलं होतं, की निकाल भाग घेणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा. आणि दुष्परिणाम सगळ्यांनी एकाच पद्धतीनं नोंदवायचे, म्हणजे एकीची माहिती दुसरीच्या माहितीशी ताडून पाहता येईल. मी त्यांची मराठी भाषांतरकार. पत्रक गावात वाचून दाखवायचं, समजतं का पाहायचं, एवढंच काम होतं. पण नवी गोळी जुनीपेक्षा सरस ठरली नाही, असं त्यात लिहिलं होतं. "मग आम्हाला दिली कशाला?" असं कोणी विचारलं, तर काय सांगायचं?

स्टेशनबाहेर उषा सिस्टर स्कूटर घेऊन उभ्या होत्या. चाचणीच्या काळात घरोघर जाऊन नोंदी त्यांनीच घेतल्या होत्या. आम्ही हायवेला लागलो. तेरखेड्याजवळ अचानक एवढा मोठा धमाका झाला की मी सिस्टरचा खांदा गच्च धरला.

"भिऊ नका मॅडम, इथं फटाके बनवतेत," त्या म्हणाल्या. "माल तपासायलेत."

त्या हसल्या. मी मात्र वाशी गाव येईपर्यंत त्यांचा खांदा सोडला नाही.

वाशीच्या पुढे माळावर गिरजाबाईंची वस्ती होती. साठीच्या बाई, शेळ्या राखणाऱ्या, चाचणीत भाग घेतलेल्या. आधी जेवा, मग वाचा, असा त्यांचा हुकूम. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाफाळतं माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज). चव छान होती, पण माझं लक्ष पिशवीतल्या पत्रकाकडे होतं.

मी वाचायला लागले. गोळी सरस नाही, हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मला हायसं वाटलं. मग पुढचं वाक्य आलं: "काहींना चक्कर आली, ती आपोआप थांबली. कोणीही बेशुद्ध पडले नाही."

"थांबा," गिरजाबाई म्हणाल्या. "कोणीच न्हाय? मग म्या कोण व्हते?"

सिस्टर गोंधळल्या. "मावशी, तुम्ही पडल्याचं मला कुठं सांगितलं?"

"सांगितलं की. घेरी आली म्हनून सांगितलं. तळ्यावर शेरडं पाजाया गेले, अन् डोळं उघडलं तवा तोंडात चिखल. शेरडं पार दुसऱ्याच्या तुरीत शिरलेली. किती येळ पडले व्हते, कुणाला ठावं?"

सिस्टरनी पिशवीतून आपली जुनी वही काढली. गिरजाबाईंच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: घेरी. कॉम्प्युटरवर मात्र नोंद झाली होती 'चक्कर'ची.

"यादीत तसंच होतं," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "घेरी म्हटलं की चक्कर लिहायचं. यादी वरून आली होती."

वरून म्हणजे माझ्याकडून. लोकांच्या तोंडचा कोणता शब्द कोणत्या दुष्परिणामाखाली घालायचा, ती यादी मी पुण्यात टेबलाशी बसून केली होती. 'घेरी'पाशी क्षणभरही थांबले नव्हते. तीच यादी आता सगळ्या कंपन्या वापरत होत्या, आणि याच गोळीची मात्रा बदलून पुढची चाचणी लवकरच सुरू व्हायची होती. यादी माझी आहे, हे तिथं फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते, तर कोणाला कळलं नसतं.

"मावशी, ती यादी मी केली," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडं घेरी म्हंजी काय?"

"डोकं गरगरणं."

"आमच्यात मानूस खाली गेलं की म्हनतेत." मग त्या म्हणाल्या, "आनखी कुणाला आली व्हती का, त्ये इचारा की."

वहीत आणखी दोन नावांपुढे तोच शब्द निघाला. सिस्टरनी अंगणातूनच फोन लावले. पहिल्या बाईंना नुसतं गरगरलं होतं. दुसऱ्या फोनची घंटा वाजत राहिली. माणूस बरा असेल ना, या विचारानं मी उभीच राहिले. अखेर पलीकडून आवाज आला, "पडलो की! दाताचा तुकडा गेला. पर आता त्याचं काय?"

मी पुण्याला आमच्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. "चाचणीचा अहवाल उद्या सगळ्या कंपन्यांना जायचाय," ते म्हणाले. "तुझी खात्री आहे? चूक कोणाची म्हणून लिहू?"

"माझी," मी म्हणाले. फोन ठेवून मी ओट्यावर बसले. गिरजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या शेळ्यांकडे गेल्या.

परतीचा प्रवास मला आठवत नाही. अहवाल थांबला, एवढं गाडीत असतानाच कळलं. नोकरीबद्दल साहेब काहीच बोलले नाहीत, अजूनही बोललेले नाहीत. पुढची चाचणी लांबली आणि सगळ्या कंपन्यांना पत्रं गेली. घेरी म्हणणाऱ्या प्रत्येकाला आता विचारायचं ठरलं आहे: पडलात का? शुद्ध होती का?

सगळ्यांची माहिती एका साच्यात बसवणं चांगलंच आहे, असं मी आजही मानते. पण साचा एकच असला की त्यातली चूकही सगळीकडे जाते, हे मला त्या माळावर कळलं. आता इतर जिल्ह्यांतून, इतर कंपन्यांच्या चाचण्यांमधूनही उत्तरं येताहेत. बहुतेकांना नुसतंच गरगरलं होतं. तरी नवं उत्तर आलं की मी आधी खिडकीशी जाऊन उभी राहते, आणि मगच ते उघडते.